टायर मोजणाऱ्या नलूताई

नलूताईंच्या पर्समध्ये चष्म्याच्या घराशेजारी जाडी-रुंदी मोजायचा व्हर्नियर असे. जंगलाच्या कार पार्कमध्ये अनोळखी माउंटन बाइक दिसली, की तो बाहेर निघे. "किया ओरा! टायर मोजू का तुमचा?" असं त्या न्यूझीलंडच्या माओरी नमस्काराला इंग्रजी जोडून इतक्या गोड अधिकाराने विचारत, की धिप्पाड माणसंही निमूट सायकल धरून उभी राहत. नवा टायर घ्यायचा, तर आधी तो कुणाच्या तरी चाकावर हवा भरलेला मोजायचा, हा त्यांचा नेम.

त्या मूळच्या पुण्याच्या, ऑकलंडला ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. पन्नाशीत सायकल शिकल्या आणि आम्हा आयटीवाल्यांनाच शिकवू लागल्या. "अरे समीर, टायरवर टू पॉइंट फोर इंच लिहिलंय म्हणून तो तेवढाच भरतो असं नाही. एक कंपनी सडसडीत बनवते, दुसरी गुटगुटीत. त्यात रिम रुंद असली की आणखी फुगतो."

मी ऐकलं नाही. माझी मुलगी इरा माझ्याशी भांडून वेलिंग्टनला गेली होती. वर्षभर धड बोलत नव्हती. अचानक तिचा मेसेज आला, "बाबा, सॅटरडेला येतेय. राइड?" मी हरखून सेलमधला जाड टायर मागवला. गुरुवारी मागच्या चाकावर चढवला तेव्हा नीट फिरत होता. शनिवारी कार पार्कमध्ये बघतो, तर दोन दिवसांच्या हवेने ताणला जाऊन आणखी फुगलेला, फ्रेमला घासतोय.

नलूताईंनी व्हर्नियर लावला. "जागाच नाही रे. चिखल अडकला की चाक जॅम. उतारावर नेऊ नकोस."

"ताई, आज तरी उपदेश नको! इरा तिकडे थांबलीये," मी खेकसलोच.

त्या रागावल्या नाहीत. स्वतःच्या सायकलची सीट माझ्या उंचीला वर केली आणि हँडल माझ्या हाती दिलं. "जा. मी चहा पीत बसते. हीप्स ऑफ टाइम आहे मला."

इरा भाड्याची सायकल घेऊन उभी होती. वरच्या वळणावर ती थांबली आणि वर्षभर मनात ठेवलेलं सगळं बोलली. मीही माझी चूक कबूल केली. बरीच रडारड झाली. उतरताना ती पुढे, मी मागे, आणि दोघंही लहान मुलांसारखे ओरडत होतो.

पुढच्याच आठवड्यात नलूताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग त्या मुलाकडे डनेडिनला राहायला गेल्या. एकदा फोनवर मी विचारलं, "ताई, सायकल?"

"छे रे, बंद. सर्जन म्हणाले होते, ऑपरेशनच्या आधी एक शेवटची राइड करून घ्या. त्या शनिवारी तीच करायला आले होते."

ती राइड मी केली होती. इरा आता दर रविवारी फोन करते, आम्ही मनसोक्त भांडतो, पण फोन कुणी आपटत नाही. हे मला नलूताईंनी दिलं.