चांदणीच्या पाठीवर

फेझ शहरातल्या जुन्या मदरशाच्या दारात म्हातारा बुशता तिकिटं फाडत बसे. सातशे वर्षांपूर्वी इथे मुलं कुराण पाठ करायची. आता पाहुणे फोटो काढतात. विद्या जाते, तिकीट राहतं.

अंगणात दोन भिंतींवर रंगीत फरशांच्या तुकड्यांची नक्षी होती. एक सरळ, चकचकीत. दुसरी जरा हललेली, हिरवा कुठे गडद, कुठे फिका. त्या शुक्रवारी राजधानी राबातहून पुरातत्त्व खात्याचे तुहामीसाहेब आले आणि एका नजरेत निकाल देऊन मोकळे झाले. शिकलेल्या माणसाला दुसरी नजर लागत नाही.

"सरळ ती मूळची. वाकडी कुणा अडाण्याची दुरुस्ती. सोमवारी फोडून टाका."

सरळ भिंत बुशतानं स्वतः जुळवलेली होती. चाळीस वर्षं लोक तिच्यापुढे "काय जुने कारागीर!" म्हणून उसासे टाकत, आणि हा जुना कारागीर मिशीतल्या मिशीत हसे. फुकटचा मान कुणाला नको असतो?

पण वाकड्या भिंतीसमोर बसूनच तो काम शिकला होता. गुरूला फोडू द्यायचं? नमाजाला गेला तरी मन तिथेच. परत आला तो छिन्नी घेऊनच.

"साहेब, उलटं आहे. सरळ भिंत माझी."

"काका, उन्हात बसत जाऊ नका. पुरावा काय?"

पुरावा होता, तोच तर घोळ होता. तुकडे पालथे मांडून जुळवायचे, पाठीवर मसाला ओतायचा, ही रीत. आपल्या भिंतीतल्या मधल्या चांदणीच्या आकाराच्या तुकड्याच्या पाठीवर त्यानं खिळ्यानं काहीतरी कोरलं होतं. ते दाखवायचं तर आपलीच चांदणी फोडायची.

"बिस्मिल्ला," म्हणून त्यानं घाव घातला.

तेवढ्यात त्याची बायको रहमा शुक्रवारच्या जेवणाचं, कुसकुसचं ताट घेऊन आली. साहेब तुकड्याची पाठ पुसून वाचत होते, "रहमा. हिजरी चौदाशे चार. म्हणजे चाळीसच वर्षं झाली."

रहमानं ताट खाली ठेवलं. "अहो, आपलं लग्न चौदाशे सहातलं ना?"

"हो."

"आणि मी समजत होते, मला तुमच्या आईनं पसंत केलं!"

"तीही तसंच समजत होती."

वाकडी भिंत वाचली. सोमवारी सरळ भिंतीखाली पाटी लागली: 'अलीकडची दुरुस्ती. कारागीर अज्ञात.' चांदणीच्या भोकात सिमेंट थापलेलं.

पुढच्या शुक्रवारी रहमानं पाटी वाचली. "अज्ञात? मग माझं नाव भुतानं लिहिलं?"

बुशतानं एका पाहुण्याचं तिकीट फाडलं आणि वाकड्या भिंतीकडे बोट दाखवलं. "आधी ती बघा."