दहा कोसांवरचा विस्तव

थंडीत आमच्या गावाच्या तटाभोवती रोज सकाळी एक वरात निघायची. पुढे गुओ तुन. अंगात जुना, विटका, ढगळ झगा, छाती उघडी, पाय अनवाणी. मागे त्याची बायको हाओ लान, एका हातात गार पाण्याचं मडकं, दुसऱ्या हातात राळ्याच्या शिळ्या भाताचं गाडगं. बर्फ भुरभुरत असायचं आणि याच्या अंगातून वाफा निघायच्या. तो थांबला की ती म्हणायची, "चला." तो बसला की म्हणायची, "उठा." अंगातला दगड चालण्याने जिरतो, म्हणून चालायचं. लोक काय, हसायचेच.

"काय गं लान, आज बैलाच्या किती फेऱ्या झाल्या?" विहिरीवरच्या बायका विचारायच्या.

"तुझ्या धन्यापेक्षा जास्तच. तो तर अंथरुणापासून चुलीपर्यंत जाताना धापा टाकतो," लान न थांबताच म्हणायची.

तोंडाची ती फटकळच. पण सांगते, त्या फटकळ बाईने सहा हिवाळे त्या माणसाला जिवंत ठेवलं. आणि गावाने तिला काय दिलं, ते ऐका.

लग्नाला वर्ष झालं नाही तोच तुनला दक्षिणेच्या स्वारीवर धरून नेलं. नदीकाठच्या छावणीत ऐन थंडीत ताप शिरला. एकेका तंबूत दहा माणसं निजायची आणि सकाळी चार उठायची. तुनलाही चटईत गुंडाळून प्रेतांच्या रांगेत ठेवलेलं. तेवढ्यात छावणीच्या वैद्याने नवं औषध काढलं. गंधक, पांढरा स्फटिक, जांभळा स्फटिक, तांबडी माती आणि गुहेच्या छताला लोंबतो तो दगड, सगळं कुटून पूड. तुनच्या दातांत काडी घालून चिमूटभर ओतली. दुपारी चटई हलली. संध्याकाळी गडी उठून जेवायला मागतोय! दुसऱ्या दिवशी पुलाच्या फळ्या वाहत होता.

चमत्कारच तो, नाही कोण म्हणतंय? पण सरदारांनी चमत्कार पाहिला की त्यांना हाव सुटते. पूड खाल्लेल्याला थंडी वाजत नाही, झोप लागत नाही, भीती तर नाहीच नाही. मग काय, आजाऱ्यालाही पूड, धडधाकटालाही पूड. चाळीस दिवस दिली, नदी ओलांडली, लढाई जिंकली. आणि ज्याने ती पूड काढली त्या वैद्याच्या अंगाची अशी लाही झाली की तो स्वतःच त्या नदीत गेला. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ना, ते इथे शब्दशः झालं.

तुन घरी आला तो तांबूस, तुकतुकीत चेहऱ्याने. सोबत पुडीची थैली. वर्षभर त्याने दोन माणसांचं काम केलं. लान मनात म्हणाली, युद्धाने नवरा घेतला आणि दुप्पट करून परत दिला. दुसऱ्या वर्षी थैली संपली. त्या हिवाळ्यात अंगात साठलेला पुडीचा दगड जागा झाला.

पाठीवर गळवं आली. कपडा लागला तरी कातडी सोलवटायची. अंगात आग, म्हणून बर्फात उघडा बसायचा. राग तर असा की एकदा आईच्या अंगावर मडकं फेकलं, आणि मग तिच्या पायाशी बसून तासभर रडला. "आई, मी नाही गं फेकलं. ती पूड फेकते," म्हणायचा. पूड तर कधीच संपली होती. पण आत बसलेली थोडीच बाहेर येते!

काय करायचं ते लानला शेनने शिकवलं. शेन तुनच्या तंबूतला सोबती. एक पाय लढाईत गेला म्हणून त्याला दहा कोसांवरच्या नदीघाटाच्या ठाण्यात घोडी सांभाळायला ठेवलेलं.

"वहिनी, नीट ऐका," तो म्हणाला. "खाणं गार. पाणी गार. आंघोळ गार. कपडा सैल. दगड जागा झाला की चालवायचं, मेलो मेलो म्हणाला तरी चालवायचं. फक्त दारू गरम. दारू गरम असली की आग कातडीतून बाहेर पडते. गार दिली की आतच कोंडते. आमच्या तंबूतला माओ गार दारू प्यायला. जीभ घशात ओढली गेली त्याची, चार घटकांत खलास."

"दारू द्यायचीच कशाला मग?"

"नाही दिलीत तर दगड आतच फुटतो. दोन-तीन दिवस निघतात, जास्त नाही."

लानने ते पाठ केलं. सगळं गार, दारू गरम. सासूलाही सांगितलं. गुओ म्हातारी माणूस वाईट नव्हती, पोरावर तर जीव ओवाळून टाकायची. पण तिच्या डोक्यात ते शिरेना. "आग लागली की लोक पाणी ओततात," ती म्हणायची. "तुझा तो लंगडा काय आगीवर तेल ओततो का?"

आता खरी मेख. आमच्याकडे भर थंडीत एक महिना चूल पेटत नाही. डोंगरात जळून मेलेल्या बाबाचा महिना तो. त्याला आगीचा धूर दिसला की तो चिडतो, उन्हाळ्यात गारा पाडतो आणि राळ्याचं पीक आडवं होतं. महिनाभर आम्ही गार भात, सुकी बोरं आणि मुळे खातो. म्हातारी माणसं, तान्ही पोरं दगावतात. त्याला आम्ही बाबाची इच्छा म्हणतो. सरकारने बंदी घातलीय, पण सरकार काय आमच्या शेतावरच्या गारा थांबवणार आहे?

गावातले लोक लानला म्हणायचे, "तुला बरं आहे बाई. तुझा नवरा एरवीही गारच खातो. बाबाचा महिना त्याच्यासाठीच केलाय म्हण की!" हसून म्हणायचे. दारूचं कुणाच्या लक्षातच यायचं नाही.

लानच्या यायचं. म्हणून दर वर्षी महिना लागायच्या आदल्या दिवशी ती तुनला चालवत दहा कोस नेऊन शेनच्या ठाण्यावर ठेवायची. ठाण्याच्या शिपायांना बाबाचं भय नाही, त्यांची भट्टी बारा महिने पेटलेली. पाच वर्षं असं निभावलं.

सहाव्या वर्षी तुनच्या दोन्ही टाचांना गळवं झाली. उभा राहिला की पू आणि रक्त. त्याला गाडीत घालावं तर खिंडीत कंबरभर बर्फ, गाडी जाते कुठली! महिना लागला. चुली विझल्या. आणि नवव्या दिवशी तुन पहाटे किंचाळत उठला.

लान गावप्रमुख फेंगकडे गेली. दारातच गुडघे टेकले.

"काका, एक पेला दारू गरम करू द्या. परसात मुळे साठवायचा खड्डा आहे, त्यात करीन. वर झाकण घालीन. धूर दिसणार नाही."

"बाबाला दिसेल," फेंग म्हणाला.

"माणूस मरतोय, काका."

"माझी नात गेल्या वर्षी याच महिन्यात गेली. दूध गार होतं. मी पेटवली का चूल?" त्याचा आवाज चिरकला. तो दगडाचा नव्हता हो, हेच तर वाईट. दगडाचा असता तर दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

"मग मी कचेरीत जाते. चूल बंद ठेवायला मनाई आहे."

"जा की. गावप्रमुखाला शंभर दिवस सक्तमजुरी. आणि ज्या घराची चूल थंड, त्या घराच्या धन्याला सहा महिने. तुझ्या घरचा धनी कोण? सांग त्यांना त्याचं नाव."

लान उठली. घरी येऊन सासूला म्हणाली, "आई, मी घाटावर जाऊन येते. उद्या दुपारपर्यंत परत. पाणी ओतत राहा, गार भात भरवा. दारू मात्र देऊ नका. मागितली, शिव्या दिल्या, पाया पडले, तरी नाही. मी येईपर्यंत थेंब नाही."

"बरं," म्हातारी म्हणाली.

"शपथ घ्या."

"घेतली गं बाई, घेतली. जा आता."

कंबरभर बर्फातून दहा कोस. ठाण्यावर पोचली तेव्हा तिला पावलांची शुद्ध नव्हती. शेनने दारू तापवून भोपळ्यात भरली, लोकरीत गुंडाळली. लानने तो भोपळा छातीशी धरून बाहेर शंभर पावलं टाकली आणि परत आली. "लोकरीत गुंडाळून काही होत नाही, शेनभाऊ. ही इथेच कोमट झाली. घरी पोचेपर्यंत बर्फ होईल. मला विस्तवच द्या."

शेन म्हणाला, "गावात विस्तव नेणार? वहिनी, ते तुम्हाला दगडांनी मारतील."

"मारू देत. आधी दारू तापवीन, मग मारा म्हणेन."

त्याने जाड मडक्यात राखेचा थर घातला, वर तुतीच्या लाकडाचे निखारे, वर पुन्हा राख. झाकणाला भोक. उजाडेपर्यंत थांबा, असं शेन म्हणाला, पण ती पहाटेच्या अंधारातच निघाली. वाटेत तीनदा पडली. तीनही वेळा मडकं वर धरून पडली. कोपर फुटलं, पण मडकं फुटलं नाही.

दुपारी ती गावात मागच्या बाजूने शिरली. घरात गेली नाही. सासूने मडकं पाहिलं असतं तर वरून पाणीच ओतलं असतं. ती थेट मुळ्यांच्या खड्ड्यात उतरली. राख फुंकली. आत दोन निखारे लाल होते. दोनच! ती तिथे बसून हुंदके देत हसली. काटक्या रचल्या, फुंकलं, डोळ्यांत धूर गेला, पण जाळ लागला. शेनच्या भोपळ्यातून पेल्यात ओतलेली दारू तापली, कडेला बुडबुडे आले. पेला पदराआड धरून ती घरात शिरली.

तुन भिंतीला टेकून बसला होता. शांत. दोन दिवसांत पहिल्यांदा शांत. हनुवटी ओली होती. शेजारी म्हातारी रिकामी सुरई घेऊन बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, इतका, की लानचे पाय तिथेच खिळले.

"ये, ये," म्हातारी कुजबुजली. "बघ, निजतोय. तू म्हणालीस देऊ नको, पण माझ्याने नाही गं बघवलं. माझे पाय धरले त्याने. लहानपणी धरायचा तसे. मग बर्फात पुरून ठेवलेली दिली, दोन पेले. कशी विझली बघ आग! लगेच!"

लानने पेला खाली ठेवला. "अहो," तिने हाक मारली. "अहो, उठा. चला. चालायचंय आपल्याला."

तिने त्याला उभं केलं. तो उभा राहिला, त्या फुटक्या टाचांवर. दोन पावलं चालला. मग त्याला उचकी लागली. पोट ढोलासारखं ताठ झालं. काही बोलायला तोंड उघडलं, तर जीभ आत ओढली गेलेली. लानने बोट घालून ती धरायचा प्रयत्न केला, त्याने बोट चावलं. गरम दारू त्याच्या ओठांवर ओतली, ती बाहेरच सांडली. ऊन अंगणातून जायच्या आत तो गेला.

तोवर अंगणात माणसं जमली होती. खड्ड्यातून धूर येत होता. सगळ्या गावाला दिसला. फेंग पुढे झाला, आत बघितलं, प्रेत बघितलं.

"विस्तव आणलास," तो म्हणाला. "बाबाने शिक्षा द्यायला घटकाही लावली नाही."

म्हातारीने लानकडे पाहिलं. मग खड्ड्याकडे. मग पुन्हा लानकडे. "तू? तू आग आणलीस माझ्या घरात?" तिने ऊर बडवून घेतला. "आत्ता तर बरा होता गं तो! माझ्या हातचं पिऊन निजला होता! आलीस आणि खाल्लंस त्याला!"

लानने तोंड उघडलं. साऱ्या गावाला ठाऊक होतं की ही बाई कुणाचं ऐकून घेत नाही. एक वाक्य पुरलं असतं. शेन साक्षीला आला असता. तिने सासूचे ते हात पाहिले, बर्फात सुरई उकरून नखं काळीनिळी झालेली. आणि तोंड मिटलं.

तिला प्रेतामागून चालू दिलं नाही. उन्हाळ्यात गारा पडल्या, तिच्या दारावर शेण फेकलं. पुढे गारा पडल्या नाहीत त्या वर्षीही फेकलं. माहेर होतं, गेली नाही. म्हातारीला कोण होतं दुसरं? अकरा वर्षं तिने सासूला भरवलं, धुतलं, उन्हात बसवलं. अकरा वर्षं म्हातारी तिला "आगलावे" अशीच हाक मारायची, आणि लान "आले, आई" म्हणत जायची.

शेवटच्या आजारात म्हातारीचा राग ओसरला. लानचा हात धरून ती लहान पोरीसारखी म्हणाली, "एक सांग गं. का आणलास विस्तव? माझं पोर वाचलं होतं."

लान म्हणाली, "चुकलं माझं, आई."

"क्षमा केली जा," म्हातारी म्हणाली आणि समाधानाने डोळे मिटले.