ओट्यावरचा ठोकळ्यांचा गेम

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पाय दोन महिन्यांत सावरला, उजवा हात मात्र मागे पडला. पंजा अर्धा मिटायचा, पण पकड नव्हती. ज्या अंगठ्याने त्यांनी आयुष्यभर तिकिटं फाडली आणि शेवटची काही वर्षं तिकिटाच्या मशिनची बटणं दाबली, त्या अंगठ्याला आता सुपारीही धरता येत नव्हती.

त्यांची तक्रार एकच होती. भाकरी मोडता येत नाही. कुणीतरी चुरून द्यायचं आणि त्यांनी डाव्या हातात चमचा धरून खायचं. ते भिंतीकडे तोंड करून जेवत. पाहुणे असले की "मला भूक न्हाई" म्हणत. फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, हात चालायला लागला की पहिलं काय करणार?" वडील म्हणाले, "माझी भाकरी मी मोडीन."

डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू त्यांनी चार दिवस दाबला आणि फेकून दिला. मग एकदा कपाट आवरताना माझ्या मुलीचा जुना व्हिडिओ गेम सापडला. ती लहान असताना कपिलधारच्या यात्रेत एका पालावरून घेतलेला. मुठीच्या आकाराचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. त्यात एकच खेळ होता. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून खाली बसवायचे, ओळ भरली की नाहीशी होते. मुलगी तोवर पुण्याला शिकायला गेली होती. वडिलांनी तो हातात घेतला आणि ठेवला नाही.

ते सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून खेळत. समोरच्या कोपऱ्यावर फळांचा गाडा लावणारे चाचा त्यांचे जुने दोस्त. गिऱ्हाईक नसलं की तेही येऊन बसत.

"अबे कंडक्टर, खिडकीची सीट खाली हाय, बसव की त्याला!"

"काहून घाई करतो बे? उभ्यानं आलाय त्यो, आडवा करू दे आधी."

"तुझी गाडी टपापर्यंत भरली. आता सस्पेंड होतो बघ."

"पुढं सरका, पुढं सरका, मागं लई जागा हाय," असं म्हणत वडील अंगठा दाबत. ओळ भरून गेली की ड्रायव्हरला गाडी सोडायला सांगावं तसं मोठ्याने म्हणत, "डबल बेल!" आणि चाचा हातातली सीताफळं परडीत ठेवून टाळी देत.

डॉक्टरांना मी हे हसत सांगितलं. ते हसले नाहीत. "चालू द्या," म्हणाले. "बटण दाबलं की ते बोटाला परत ढकलतं. न बघताही अंगठ्याला कळतं की आपण दाबलं. याच्याइतका चांगला व्यायाम मी देऊ शकत नाही."

खेळ सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात एका दुपारी वडिलांनी ताटातली ज्वारीची भाकरी उजव्या हाताने मोडली. तुकडा वाकडातिकडा आला, पिठल्यात बुडवताना थोडं ताटाबाहेर सांडलं. ते भिंतीकडे वळले नाहीत.

मी एका दैनिकाचा जिल्हा प्रतिनिधी आहे. बीडमध्ये कलेक्टर कचेरीपासून कोर्टापर्यंत लोक मला ओळखतात. आमचे संपादक दौऱ्यावर असताना एकदा चहाला घरी आले. आम्ही बैठकीत बसलो होतो. दार उघडं होतं. बाहेरून गेमची पिपाणी वाजली, पाठोपाठ वडिलांचा आवाज आला, "डबल बेल!"

संपादकांनी कप खाली ठेवला. "वडील गेम खेळतात वाटतं?"

त्यांच्या स्वरात थट्टा नव्हती. मला मात्र ती ऐकू आली. मी म्हणालो, "छे, मुलीचा आहे. आजारपणामुळे थोडं लहान मुलासारखं झालंय त्यांचं. असंच काहीतरी हातात घेऊन बसतात."

वडील दारापासून चार हातांवर होते. पुढची ओळ भरल्याचा आवाज आला नाही.

निघताना संपादकांना विषय सुचला. मोबाइलने हातातले व्हिडिओ गेम कसे संपवले, यावर रविवार पुरवणीसाठी लिहा, म्हणाले. मी बाजारात फिरलो. बसस्टँडजवळच्या एका मोबाइलच्या दुकानदाराने सांगितलं, "साहेब, गेमचा वेगळा डबा आता कोण घेतंय? फोन, कॅमेरा, रेडिओ, गेम, सगळं एकातच." गेवराईच्या एका खेळण्यांच्या दुकानात असे गेम वरच्या फळीवर धूळ खात पडलेले दिसले. फोटो चांगला मिळाला. मी शेवट केला तो असा: 'ज्या वस्तूला एकच काम येते, तिला आता घरात जागा उरलेली नाही.'

बातमीदारीत शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे दुसरी बाजू घेणे. ती माझ्याच ओट्यावर बसली होती. मी तिला विचारलं नाही.

पुरवणी छापून आली त्याच आठवड्यात मी वडिलांसाठी मोठ्या पडद्याचा स्मार्टफोन आणला. त्यात तोच ठोकळ्यांचा खेळ टाकून दिला. जुना गेम रद्दीच्या पिशवीत घालून भंगारवाल्याला दिला. वडील तेव्हा आंघोळीला गेले होते. ती वेळ मी निवडली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी उशीखाली पाहिलं. "माझं ते कुठं हाय?"

"सेलच्या जागी गंज चढला होता. बंद पडलं," मी म्हणालो. आदल्या संध्याकाळी ते चालू होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बरं," ते म्हणाले.

फोन त्यांच्या उजव्या हातात नीट राहीना. घट्ट धरला की तळव्याची कड काचेला लागे आणि ठोकळे आपोआप फिरत. सैल धरला की फोन घसरे. निबर अंगठ्याचा स्पर्श काचेला कधी कळे, कधी कळत नसे, आणि अंगठ्याला तर काहीच कळत नसे. ठोकळा बरोबर जागी येतोय तोच मधे जाहिरात येई, नाहीतर कुणाचा तरी फोन.

"अबे कंडक्टर, ही गाडी तुझ्याबिगर चालती की!" चाचा म्हणाले.

"बिनकंडक्टरची हाय ही. माझं काय काम तिच्यात?" वडील म्हणाले. दोघेही हसले. आठ-दहा दिवसांनी फोन देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला लागला तो तिथेच राहिला. चाचा येत राहिले, पण फळांचे भाव आणि गुडघेदुखी याशिवाय दोघांत बोलणं होईना.

दीड महिन्याने डॉक्टरांनी हात तपासला. पकड सुटली होती. त्यांनी वडिलांच्या अंगठ्याला आपलं बोट लावून दाबायला सांगितलं, पुन्हा सांगितलं, मग वहीतलं मागचं पान काढून पाहिलं. "मागच्या वेळी हे भाकरी मोडत होते. मधे काय झालं? गेम बंद केला का?"

प्रश्न मला होता. खरं उत्तर एका वाक्याचं होतं. मी म्हणालो, "कंटाळा केला त्यांनी."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर त्यांना म्हणाले, "काका, असं करून कसं चालेल?" वडिलांनी मान खाली घातली आणि माझ्या वाट्याचं बोलणं ऐकून घेतलं.

त्यानंतर मी भंगारवाल्याकडे गेलो. माल केव्हाच पुढे गेला होता. गेवराईच्या दुकानातली वरची फळी रिकामी होती. माझा लेख वाचून मालकाने ते सगळे गेम काढून टाकले होते. "तुमीच तर लिवलं होतं, साहेब," तो म्हणाला. शेवटी मी ऑनलाइन एक नवा गेम मागवला. रंगीत पडदा, दोन्ही बाजूंना बटणं, चांगली दाबली जाणारी. ठोकळ्यांचा खेळ त्यात होता. मी स्वतः खेळून पाहिला आणि ओट्यावर वडिलांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी तो डाव्या हाताने उचलला, उलटसुलट पाहिला आणि मला परत दिला.

"ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले. "घरी पाहुणे येत असत्यात तुझ्याकडं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. माफी मागण्यासाठी लागणारे शब्द मला येत होते; रोज इतरांच्या तोंडचे लिहितो. ते माझ्या तोंडून आले नाहीत. चाचा गाड्यावरून पाहत होते, त्यांनी नजर सफरचंदांकडे वळवली.

छापील चूक झाली तर दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्ती छापतो. तो लेख अजून कात्रणांच्या फायलीत आहे, त्याला दुरुस्ती नाही. नवा गेम मी दर आठवड्याला चार्ज करून ओट्याच्या कोनाड्यात ठेवतो. त्याला कुणी हात लावत नाही.

दुपारी घरी असलो की वडिलांची भाकरी मी चुरतो. तुकडे बारीक करावे लागतात, नाहीतर चमच्यात मावत नाहीत. ताट समोर ठेवतो. ते भिंतीकडे वळतात, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत मी बाहेर थांबतो.