डायमामांचं तेलाचं फडकं

आमचे डायमामा कुठल्याही वस्तूवरून आधी अंगठा फिरवत, मग तिच्याविषयी बोलत. चाकणच्या एका कंपनीत लोखंडी साचे, म्हणजे डाय, घासण्यात जन्म गेलेला. कुठे काय टोचतं ते त्यांना डोळ्यांआधी अंगठ्याला कळे. माझ्या लग्नात त्यांनी आहेराच्या ताटाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि भर मांडवात जाहीर केलं, "धार मारायची राह्यलीय. हात कापंल कुनाचा." सासरच्यांनी ते ताट पुन्हा कधी बाहेर काढलं नाही. मामा जाऊन दोन वर्षं झाली.

माझी मुलगी ऋतुजा मेंदूतल्या गाठींवर संशोधन करते. मी पुनावळ्याच्या आमच्या सोसायटीत 'मुलगी मेंदूची डॉक्टर' असं सांगून बसलो होतो, त्यामुळे निम्म्या इमारतीची डोकेदुखी आमच्या दारात येई. आमच्याकडेच राहणाऱ्या मामांनी मात्र तिला नीट विचारून घेतलं. ती म्हणाली, "आजोबा, काचेच्या बशीत गाठीच्या पेशी घावनासारख्या पसरतात, औषधाने पटकन मरतात. डोक्यात त्यांचा गोळा असतो. औषध आत पोचतच नाही. म्हणून मला गोळेच वाढवायचेत."

"म्हंजे वरनं एक आन आत दुसरंच! लोखंडाचंबी तसंच हाय पोरी. वरचं बघून आतलं पास करायचं न्हाई."

मीही जाणकारासारखी मान हलवली.

गोळ्यांसाठी जेलीत अर्ध्या मिलिमीटरचे, तळाला गोल खड्डे पाडावे लागतात. जेलीला चिकटता येत नाही, म्हणून पेशी एकमेकींना धरून बसतात. ऋतुजाकडच्या साच्याने खड्डे लहानमोठे पडत. मामा म्हणाले, "साचा मी देतो," आणि भोसरीतल्या एका जुन्या चेल्याच्या वर्कशॉपमध्ये तीन आठवडे भिंग लावून बसले. साचा असा झाला, की ऋतुजाने तो धुऊन, पुसून, पिशवीत घालून एक रात्र खास आम्हाला दाखवायला घरी आणला.

एका पेशंटच्या गाठीतल्या पेशींच्या दोनच कुप्या तिच्याकडे गोठवून ठेवलेल्या होत्या. पुन्हा मिळणं नव्हतं. साचा वाफेत तापवून तिने पहिली कुपी वापरली. तिसऱ्या दिवशी सगळ्या पेशी मेल्या. औषध न घातलेल्यासुद्धा! आठ दिवस ती एकेक गोष्ट तपासत राहिली. शेवटी जेवताना म्हणाली, "माझाच हात वाईट. दुसरी कुपी उघडायची हिंमत नाही होत."

मामांचा घास हातातच राहिला. "ऋतू, त्या रात्री पिशवी उघडून मी साच्यावर तेलाचं फडकं मारलं व्हतं."

"आजोबा! वाफेने जंतू मरतात, तेल जात नाही!"

"कोरडं लोखंड उघडं बघवत न्हाई गं मला. गंजंल म्हनून..."

"अहो मामा, स्टेनलेस आहे ते, गंजत नाही," मी म्हणालो. तांत्रिक बाबतीत आयुष्यात पहिल्यांदाच माझं बरोबर होतं.

"तुमाला कोन इचारतंय, भाचेबुवा?" मग ते हळूच म्हणाले, "माझा एकबी पीस कधी परत आला न्हाई. ह्यो आला." लगेच कागद मागून कंपनीच्या पद्धतीने त्यांनी ऋतुजाच्या सरांना लिहून दिलं: 'माल नापास. कारण : फिटरचा आगाऊपणा.' खाली ठळक सही.

ती चिठ्ठी वाचून ऋतुजा आठ दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि दुसरी कुपी उघडायला तयार झाली. साचा तिने लॅबमध्येच चारदा धुतला. नव्या पेशी साच्याच्या खड्ड्यांत घातल्यावर चार दिवस मामा घरातल्या चमच्यालाही हात लावत नव्हते.

पाचव्या दिवशी तिने आम्हा दोघांना लॅबमध्ये नेलं. मला सूक्ष्मदर्शकात स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मामांना गोळे दिसले.

"एक मापात हायती सगळे," ते खुशीत म्हणाले. मग विचारलं, "हे ज्याच्या डोक्यातलं हाय, तो बरा हाय का आता?"

"गेला तो, आजोबा. ह्या पेशी तेवढ्या जिवंत आहेत."

"नाव काय त्याचं?"

"आम्हाला नाव सांगत नाहीत. नंबर असतो."

मामा पुन्हा वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग मागे सरून स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाले, "आधी सांगायचं न्हाई का, पोरी? चपला भाईर काढल्या असत्या."