मुगाएवढा डाग

“मॅडम, डाग तर मुगाएवढा हाय. मग ही अशी का?”

दादाराव सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून उभे होते. ते तिसगावचे टेम्पोचालक. कॉटवर त्यांची पत्नी मंदाबाई, प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. हात धड, पाय धड, जीभ धड. नाव विचारलं की सांगायच्या. न विचारता मात्र एक शब्द नाही. ताट समोर असलं तरी ‘जेवा’ म्हणेपर्यंत हात पुढे येत नसे.

मी तेव्हा नगरला न्यूरॉलॉजिस्ट होते. मंदाबाई शाळेला निघता निघता खाली बसल्या आणि गाढ झोपल्या. उठली ती दुसरीच बाई, असं दादाराव म्हणायचे.

शेजारच्या कॉटवर राहुरीचा एकजण होता, ट्रॅक्टरवरून पडलेला. त्याच्या मेंदूत लिंबाएवढा डाग. चहात साखर कमी म्हणून नर्सशी भांडला आणि काही दिवसांनी चालत घरी गेला.

“त्याचा केवढा मोठा! तो गेला की घरी.”

मी समजावलं. मेंदूचे भाग तारांनी जोडलेले असतात. बहुतेक भागांच्या तारा थोड्या, शेजारपाजारी जाणाऱ्या. मोजक्या जागी मात्र सगळीकडच्या तारा येऊन मिळतात. आता त्यांना हब म्हणतात. मेंदूच्या मधोमध असलेला थॅलॅमस हा त्यातलाच. मंदाबाईंची तिथलीच एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती.

“नगरचा एसटी स्टँड बंद झाला तर काय होईल?”

“जिल्हाभर गाड्या अडकतील.”

“गाड्या शाबूत, ड्रायव्हर शाबूत. तसंच झालंय.”

त्यांनी फिल्म खाली घेतली. “पण दुसऱ्या रस्त्यानं वळवता येत्यात की. आमी वळवतो.”

“काही वळतात. सगळ्या नाही.”

त्यांनी त्यातलं पहिलंच वाक्य धरून ठेवलं.

रजा संपल्यावर दादारावांनी मंदाबाईंना शाळेत रुजू केलं. थोड्याच दिवसांत हेडमास्तरांचा फोन आला.

“बाई खुर्चीत नुसत्या बसून राहतात. काल एका पोराचं डोकं फुटलं, तरी उठल्या नाहीत. नाटक तर नाही ना हे?”

“नाटक करायलाही इच्छा लागते, सर. तीच राहिलेली नाही.”

“मग त्या काम करू शकत नाहीत, असं सर्टिफिकेट द्या.”

दादाराव धावत आले. “लिहू नका मॅडम. कागदावर आलं की संपलं. रस्ता सापडंल तिला.”

मी थांबले. रजा वाढवून दिली. दर तपासणीत तेच प्रश्न विचारले, तीच उत्तरं मिळाली.

दिवाळीनंतर ते एकटेच आले. खुर्चीत बसले नाहीत.

“पोरीला ताप आल्ता. ‘आई, पाणी’ म्हणली, तर हिनं दिलं. मग पोर गप पडली, तशी हीबी गप बसली. मी आलो तवा पोर फणफणत हुती, अन् ही शेजारी बसल्याली.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “लिहा मॅडम.”

मी लिहिलं. नोकरी गेली. दादारावांनी लांबची भाडी सोडली. मंदाबाई पुढे बरीच वर्षं जगल्या, पण फरक पडला नाही. तपासणीला मुलगी सोबत यायची. ती सगळं सांगायला शिकली होती. आई, ऊठ. आई, चप्पल घाल. आई, माझ्याकडे बघ.

रिपोर्टमध्ये डागाचं माप असतं. जागेची किंमत आपल्याला सांगावी लागते, आणि ती ऐकून घ्यायला घरच्यांना वेळ द्यावा लागतो.