परत न आलेला दगड

पिंपळनेरला बसस्टँडकडून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत अभिमन बागूल यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी बैलगाडीतून यायच्या आणि नवी तार भरून परत जायच्या. दुकानामागे पत्र्याची शेड होती. तिथे एक डबा सतत फिरत असे. लोखंडी पाइपाचा तुकडा, आतून ट्रकच्या ट्यूबचं अस्तर, खाली दोन रूळ, बाजूला जुनी मोटार. डब्यात दगड, पाणी आणि धुळ्याहून आणलेली, दगड घासणारी कार्बोरंडमची पूड. पूड आधी भरड, मग बारीक, मग त्याहून बारीक. वीज टिकली तर महिन्याभरात खडबडीत गारगोटी ओल्या चिंचोक्यासारखी चकचकीत होऊन बाहेर पडे. वीज टिकत नसे, म्हणून जास्तच दिवस धरायचे.

हे वेड गुजरातेतल्या खंबायतचं. तरुणपणी अभिमन तिथल्या अकीक दगडाच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करायला होते. तिथे त्यांनी शे-दोनशे डबे ओळीने फिरताना पाहिले आणि गावी परतल्यावर एक स्वतः केला. विकायचा विचार नव्हता. दगड वाटायचे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पिंपळनेरच्या निम्म्या घरांत अभिमनचे दगड होते. लिंबाच्या लोणच्यावर दडपण म्हणून बरणीत. तुळशीच्या ओट्याच्या कडेला, ओल्या सिमेंटमध्ये बसवलेले. खिडकीचे पडदे उडू नयेत म्हणून खालच्या दुमडीत शिवलेले. मुलींना पाच-पाच सारख्या दगडांचा संच मिळे, खड्यांनी खेळायला. ग्रामपंचायतीच्या टेबलावर कागद दाबायला तीन. सोनाराकडे एक निमुळता, दागिन्याला ओप द्यायला. समोरच राहणाऱ्या भागाबाईंचा गुडघा दुखायचा. त्यांना अभिमननी मुठीत मावेल असा लाल दगड दिला. तो उन्हात ठेवायचा, तापला की तेल लावून गुडघ्यावर फिरवायचा.

दगड देताना अभिमन त्याचं गाव सांगत. हा कोंडाईबारीच्या घाटातला, हा निजामपूरच्या रस्त्यावर विहीर खोदली तिच्या सुरुंगातला, हा आपल्या पांझरेतला. लोकांना ते आवडायचं. खरं तर सगळ्या ठिकाणचे दगड डब्यात एकत्र जात आणि बाहेर आल्यावर कोणता कुठला हे त्यांनाही कळत नसे. ते रंगावरून सांगत. लाल असला की नदीचा, दुधी असला की विहिरीचा. त्यांची बायको कुंदाबाई हसून म्हणायच्या, "बठ्ठा दगडस्नी जात एक, अन हाई मानूस त्यास्ले गावं वाटस."

एकोणनव्वदच्या एप्रिलमध्ये नदी आटली होती. अभिमन पिशवी घेऊन पात्रात हिंडत होते. थोड्या अंतरावर वना भामरे या शेतकऱ्याच्या चुलत्याचा दहावा चालला होता. स्मशानात पाण्याचं मडकं ज्या खड्याने फोडतात तो जीवखडा. दहा दिवस त्यालाच गेलेला माणूस समजून पाणी घालतात आणि दहाव्याला नदीत सोडतात. डोहात गुडघाभर पाणी उरलं होतं. त्यात वनाने खडा सोडला, वर आला आणि त्याला पिशवीवाले अभिमन दिसले.

"नाना, आमना आबाले तरी उचलू नका. आत्तेच सोडं त्यास्ले पानीमा," वना म्हणाला.

अभिमन म्हणाले, "तुना आबा भलता काया शे. मले लाल लागस."

वना हसला. बरोबरचे लोकही हसले. जीवखडा म्हणून लोक हाताशी येईल तो काळा दगड उचलतात आणि अभिमनना काळ्या दगडाचा उपयोग नव्हता, तो झिजून नुसता मळकट होतो. म्हणजे त्यांचं उत्तर खरं होतं. पण संध्याकाळी चहाच्या टपरीवर ते सांगितलं गेलं तेव्हा त्यात हसणं उरलं नव्हतं. अभिमनला लाल आबा लागतो, एवढंच उरलं. मग कुणीतरी विचारलं, की गेल्या दहा वर्षांत नदीत सोडलेले सगळेच खडे काळे होते का? हे कुणालाच सांगता येईना.

दगड परत येऊ लागले. पहिल्या दिवशी बायका स्वतः आल्या. नंतर मुलांच्या हाती पिशव्या आल्या. लोणच्याचे दगड बरणीसकट आले. तुळशीच्या ओट्यातले छिन्नीने काढलेले होते, त्यांना सिमेंट चिकटलेलं होतं. मुलींचे खड्यांचे संच कागदाच्या पुड्यांत आले. ग्रामपंचायतीचे शिपायाने दुकानाच्या पायरीवर ठेवले आणि तो परत गेला. फक्त सोनाराने दिला नाही, त्याचं काम अडलं असतं.

"तुमले तठे बोलानी गरज काय व्हती?" कुंदाबाईंनी विचारलं.

"त्यानी मस्करी करी, मी मस्करी करी."

"त्याना घरनं मानूस गयं व्हतं. तुमनं नही."

त्या दिवसापासून डबा बंद झाला. गल्लीतल्या लोकांना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की पहिल्या रात्री दोघांनी वीज गेली का म्हणून दार उघडून पाहिलं.

भागाबाईंचा दगड मात्र आला नाही.

भागाबाईंचा धाकटा मुलगा छगन दोन वर्षांपूर्वी गेला होता. तो ट्रकवर क्लीनर होता. ट्रक घाटात उलटला. त्याचा जीवखडा थोरल्या मुलाने, पुनाने, याच नदीत सोडला होता. आणि त्यानंतर वर्षभराने भागाबाईंना दगड देताना अभिमननी सांगितलं होतं, की हा पांझरेतला आहे.

गावाने त्या गोष्टीची किळस धरली. भागाबाईंनी तीच गोष्ट उलटी धरली. त्यांचा मुलगा नदीतून निघून अभिमनच्या डब्यातून फिरत त्यांच्याकडे परत आला होता. त्यांनी दगडाला तेल लावणं बंद केलं. तो गुडघ्यावर ठेवायच्या तो नुसता धरायला. उन्हात ठेवलेला दगड हातात घेतला की म्हणायच्या, "देख, आंग गरम शे त्यानं." जेवताना शेजारी ठेवून त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा मांडू लागल्या.

पुनाची बायको लता तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. मेलेल्या दिराचा दगड घरात जेवायला बसतो, हे तिला सहन होईना. ती साक्रीला माहेरी गेली. दगड घराबाहेर जाईपर्यंत मी येणार नाही आणि बाळही येणार नाही, असं तिने पुनाला सांगून ठेवलं. ती भांडकुदळ नव्हती. तिला भीती वाटत होती.

पुना अभिमनकडे आला. दुकानात मोटार उघडी पडली होती, तो तिच्याशेजारी बसला.

"नाना, माय मनं आयकत नही. तुमी इतलंच सांगा, दगड विहीरना शे."

"मले माहीत नही पुना. डबामा गयात म्हंजे बठ्ठा एक व्हई जातस."

"मंग तवय नदीना कसाले सांगा तिले?"

"लाल व्हता म्हनीसन."

पुना उठताना म्हणाला, "तवय माहीत नसताना सांगं. आते बी माहीत नसताना सांगा. मनं घर राही जाई."

यात खोट काढता येण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अभिमन गल्ली ओलांडून भागाबाईंकडे गेले. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. दगड सुपाशेजारी होता.

"अक्का, हाऊ दगड नदीना नही. निजामपूरना रस्तावरनी विहीर खंदी ना, तेमाना शे."

भागाबाईंनी खडे निवडणं थांबवलं नाही. "देताना तू नदीना सांगं व्हतं."

"चुकी गयथू."

"तवय चुकना, का आते चुकी ऱ्हायना?"

विहिरीचे दगड दुधी असतात, हे त्यांनीच या गल्लीला शिकवलं होतं. सुपाशेजारचा दगड लाल होता.

"पुनानी धाडं ना तुले," भागाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तू भला मानूस शे. पन तुले खोटं बोलता येत नही. बस, चाय पी."

चहा झाला. कपबशी उचलताना त्यांनी सांगितलं, की लताला भीती वाटते ते त्यांना कळतं, त्या मळ्यात जाऊन राहतील. अभिमननी हे पुनाला सांगितलं तेव्हा पुनाने कपाळावर हात मारला. मी दगडाला जा म्हटलं होतं, मायला नाही, असं तो म्हणाला. पण भागाबाईंनी तोपर्यंत अंथरूण बांधलं होतं.

मळा गावापासून पाऊण कोसावर. विहिरीजवळ एक खोली, एरवी खताची पोती आणि औषध फवारायचा पंप ठेवायची. पुनाने पोती काढून खोली सारवून दिली. श्रावणात लताला मुलगी झाली आणि सव्वा महिन्याने ती सासरी आली. भागाबाई रोज सकाळी चालत गावात येऊ लागल्या. ओट्यावरच्या बादलीतल्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुवायच्या. तसं करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग बाळाला पायावर घेऊन तेल लावायच्या, अंघोळ घालायच्या, धुरी द्यायच्या आणि ऊन चढायच्या आत मळ्यात परत जायच्या. लता त्यांना जेवून जा म्हणायची. त्या डबा घेऊन जायच्या.

अभिमनच्या दुकानातून हे सगळं समोर दिसायचं. त्या दिवसांत त्यांनी दुकानाचं एक दार लोटून घेऊन काम करायला सुरुवात केली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात वावटळीने मळ्यातल्या खोलीचा पत्रा उचलला. पुनाने सुतार बोलावला होता, पण त्याआधीच अभिमन शिडी आणि खिळे घेऊन तिथे पोहोचले. दोन सकाळी ते पत्र्यावर होते. विहिरीच्या मोटारीवरून त्यांनी खोलीत एका बल्बची तार ओढून दिली. भागाबाई खालून शिडी धरायच्या आणि कुठे फट दिसते ते सांगायच्या. दगडाचा विषय दोघांनीही काढला नाही. पत्र्यावर वजन लागणार होतं. अभिमननी बांधावरचे काळे दगड एकेक करून वर चढवले.

दुसऱ्या दिवशी काम संपत आलं तेव्हा भागाबाई म्हणाल्या, "मी निंघस. पोरनी आंघोय ऱ्हायनी."

"जाय अक्का. मी दार लोटी लिसू."

त्या पायवाटेने दिसेनाशा झाल्या. खोलीला कुलूप नव्हतं. अभिमन खाली उतरले, हातोडी ठेवायला आत गेले. दगड खिडकीच्या खाचेत होता, आणि तिथवर ऊन आलं होतं. रोजच्या हाताळण्याने त्याची चकाकी डब्याने दिली होती त्याहून वाढली होती. त्यांनी तो उचलून उजेडात धरला. आतून तांबूस पट्टे गेले होते. असे पट्टे नदीच्या दगडात असतात आणि विहिरीच्याही. त्यांनी तो होता तसाच, त्याच बाजूने, खाचेत ठेवला. राहिलेले खिळे वर जाऊन ठोकले, बल्ब एकदा लावून पाहिला, विझवला आणि दार लोटून ते गावाकडे निघाले.