बाबांची हाक

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत घराची एक चावी शेजारी ठेवायचीच, हा जुना रिवाज. बाबा गेल्यावर आई दिवसभर एकटी, म्हणून मी खोलीत कॅमेरा लावला. फोनवरून ती दिसायची, तिच्याशी बोलताही यायचं. आणि चावीसारखाच त्याचा पासवर्डही मी शेजारच्या काकूंना देऊन टाकला. म्हटलं, मी ऑफिसात, वेळप्रसंगी धावणार ते शेजारीच.

थोड्याच दिवसांत आई दुपारी दोन कप चहा टाकायला लागली. "ते हाक मारतत," म्हणायची. "'अगो, च्या टाक गो.' अगदी तशीच." बाबांची ती हाक अख्ख्या मजल्याला पाठ होती. मी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, भास आहेत. गोळ्या सुरू झाल्या. आई बसल्या जागी पेंगायची, तोंडातून लाळ गळायची, तरी कप दोनच. आई हातची जाते की काय, अशी मला धास्ती बसली.

एका शनिवारी लवकर सुटले. गॅलरीतून येताना काकूंच्या उघड्या दारातून बाबांचा आवाज आला. काकूंचा मुलगा, चांगला चाळिशीचा घोडा, फोन तोंडाशी धरून हाक मारत होता. फोनमध्ये माझी आई गुडघ्यावर हात टेकत उठत होती. काकू आणि त्यांची सून हसून लोळत होत्या.

"अगं, जरा मस्करी केली," काकू म्हणाल्या. "म्हातारीला तेवढंच बरं वाटतं. तुला तरी वेळ कुठेय?"

"मेल्यांनो, तुमच्या मस्करीपायी मी माझ्या आईला वेडी ठरवली," मी ओरडले. चावी हिसकावून घेतली, कॅमेरा भिंतीवरून उपटला, गोळ्या मोरीत ओतल्या.

पण आईला खरं सांगायला माझी जीभ रेटेना. ती दुपारी चहाचं टोप घेऊन बसून राहायची. मग तिने जेवणच सोडलं.

"तू त्यांका काय बोललंस? हाक मारनत नाय. माफी माग त्यांची."

मी बाबांच्या फोटोसमोर हात जोडून काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यान बोल. त्यांका ऐकाक येव दे."

मी मोठ्याने माफी मागितली. दोन खोल्यांमधली भिंत नुसती फळ्यांची. पलीकडे काकूंचा मुलगा घरीच होता.